आत्यांची दूरदर्शनवरची गाणी शोधायची तर सुरुवात कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आत्या १९७५च्या सुमारापासून नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत मुंबई दूरदर्शनवर भावगीतं आणि नाट्यगीतं गायल्या. येत्या डिसेंबरात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या निमित्ताने त्यांच्या टीव्हीवरच्या कारकिर्दीवर तासाभराची फिल्म करून दाखवायची आहे. सदाशिव पेठेतल्या घराच्या माळ्यावर सतरा व्हिडिओ कॅसेट्स सापडल्या आहेत आणि लक्ष्मी रोडवरचा एक दुकानदार त्यांच्या डीव्हीडी करून द्यायला तयार आहे. दूरदर्शनकडून जुनी रेकॉर्डिंग्ज मिळतात का, आणि ती दाखवायला परवानगी लागते का, हेही तुम्ही विचारलंय.

आधी दोन गोष्टी सांगतो, कारणं पुढे येतील. त्या सतरापैकी एकही कॅसेट ‘चालते का बघू’ म्हणून घरातल्या जुन्या व्हीसीआरमध्ये घालू नका. आणि दुकानदाराला अजून होकार देऊ नका.

मी पुण्यात बरीच वर्षं जुन्या कॅसेट्स उतरवून घ्यायचं आणि त्यातून गायक-वादकांवरच्या छोट्या फिल्म्स एडिट करायचं काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांची अडचण तुमच्यासारखीच असते. त्यांना वाटतं, आपल्याला रेकॉर्डिंग मिळत नाहीये. खरी अडचण असते ती ही की आपल्या माणसाने नक्की काय काय केलं, कधी केलं, कोणासाठी केलं, याची यादीच घरात नसते. ‘आत्या दूरदर्शनवर खूप गायच्या’ एवढ्या माहितीवर जगातला कुठलाही संग्रहपाल काही शोधून देऊ शकत नाही. कारण टेपच्या डब्यावर गायिकेचं नाव असेलच असं नाही. तिथे कार्यक्रमाचं नाव असतं, निर्मात्याचं असतं, तारीख असते, मिनिटं असतात. आषाढी एकादशीच्या विशेष कार्यक्रमात आत्यांनी एक अभंग म्हटला असेल तर तो डबा आषाढीच्या नावाने ठेवलेला असणार, आत्यांच्या नावाने नव्हे. म्हणून कॅसेटच्या आधी कागद, आणि कागदाच्याही आधी आत्या.

थोडा काळाचा हिशेब मांडू, म्हणजे काय मिळण्याची आशा धरायची आणि काय सोडून द्यायचं ते कळेल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, वरळीला. पुढच्या वर्षी सिंहगडावरचं सहक्षेपण केंद्र सुरू झालं आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. पण सिंहगडावरून ते नुसते पुढे पाठवले जायचे, कार्यक्रम बनायचा वरळीलाच. म्हणजे पुण्याच्या गायिकेला सकाळची डेक्कन क्वीन पकडून दादरला उतरायचं, तिथून टॅक्सीने वरळी गाठायची, मेकअपला बसायचं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हे आलंच. प्रक्षेपण मोजके तास, तेही मुख्यतः संध्याकाळी, आणि त्यात मराठीबरोबर हिंदी आणि गुजरातीही. मराठी सुगम संगीताच्या वाट्याला येणारा वेळ तसा थोडाच. त्यामुळे आत्यांना जी अर्धी-पाऊण तासाची वेळ मिळाली असेल तिचं मोल आजच्या हिशेबाने धरू नका. चॅनेल एकच. त्या संध्याकाळी ज्याच्या घरी टीव्ही होता त्याने, आणि त्याच्या शेजाऱ्यांनीसुद्धा, आत्यांना पाहिलेलं असणार. पुढच्या गणेशोत्सवात मंडळांची आमंत्रणं यायची ती अशा एका संध्याकाळच्या जोरावर.

आता नकोशी वाटेल अशी बाजू. सत्तरच्या दशकातलं फारसं काही मिळेल अशी आशा ठेवू नका. पुष्कळ कार्यक्रम थेटच जायचे, त्यांची नोंद टेपवर झालीच नाही. जे रेकॉर्ड व्हायचं ते दोन इंच रुंद टेपच्या मोठ्या रिळांवर. ही रिळं महाग होती. एक कार्यक्रम प्रक्षेपित झाला की त्याच रिळावर दुसरा घ्यायचा, ही तेव्हाची जगभरची रीत होती, आणि आपल्याकडे तर काटकसर अधिकच. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. मंगळवारी संध्याकाळी लागलेली चार भावगीतं पन्नास वर्षांनी कोणी मागायला येईल, असं तेव्हा कोणालाच वाटलं नसणार.

टिकतं ते पुन्हा पुन्हा लावलं जाणारं. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. भीमसेन जोशींना मैफलीत कधीही न ऐकलेल्या माणसालाही त्यांचा चेहरा आणि आवाज माहीत असतो, तो १९८८च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’मुळे. पंडितजींनी त्याआधी कितीतरी वर्षं सवाई गंधर्व महोत्सव उभा केला होता, देशभर गायले होते. पण घरोघरी पोचले ते त्या काही मिनिटांनी. ती चित्रफीत असंख्य वेळा लागली, म्हणून ती आजही कुठेही सापडते. एकदाच लागलेल्या कार्यक्रमाचं नशीब निराळं. आत्यांचे बहुतेक कार्यक्रम या दुसऱ्या जातीचे असणार. म्हणूनच तुमच्या माळ्यावर कोणीतरी घरी रेकॉर्ड करून ठेवलेली कॅसेट ही त्या कार्यक्रमाची जगातली एकमेव प्रत असण्याची शक्यता अगदी खरी आहे.

घरी रेकॉर्डिंग म्हणजे साधारण १९८२ नंतरचं. त्या वर्षी एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आलं आणि पुढच्या दोन-चार वर्षांत व्हीसीआर प्रत्येक घरी नाही तरी वाड्यात एखाद्याकडे तरी येऊ लागला. त्याआधीच्या कार्यक्रमांसाठी तुमच्या हातात राहतात ते कागद, फोटो आणि आठवणी.

कागद कुठले, तर दूरदर्शन प्रत्येक कार्यक्रमासाठी कलाकाराला करारपत्र पाठवायचं. त्यावर कार्यक्रमाचं नाव, ध्वनिचित्रमुद्रणाची तारीख, हजर राहायची वेळ, मानधन, आणि बरेचदा प्रक्षेपणाची तारीखही असायची. त्या पिढीची माणसं असे कागद टाकत नसत. आत्यांच्या कपाटात आकाशवाणीची पत्रं ज्या फायलीत असतील तिथेच ही सापडतील. आत्या आकाशवाणीच्या श्रेणीप्राप्त कलाकार असतील, ‘बी हाय’ किंवा ‘ए’, तर ते पत्रसुद्धा काढा, कारण श्रेणी कोणत्या वर्षी वाढली यावरून पुढच्या कार्यक्रमांचा अंदाज बांधता येतो. करारपत्रं गेली असतील तर बँकेची जुनी पासबुकं बघा. मानधनाचा चेक जमा झाल्याची नोंद तारखेसकट असते. डायरी, गाण्यांची वही, वहीच्या कडेला लिहिलेलं ‘वरळी, सकाळी ११’ असलं काहीही चालतं.

मग वर्तमानपत्रं. त्या काळी ‘सकाळ’, ‘केसरी’, ‘तरुण भारत’मध्ये रोजचे दूरदर्शनचे कार्यक्रम छापून येत. महिना आणि वर्ष साधारण माहीत असेल तर बांधीव अंकांमध्ये ती ओळ सापडते. माहीत नसेल तर या वाटेला जाऊ नका, डोळे जातील आणि हाती काही लागणार नाही. पुण्यातल्या जुन्या ग्रंथालयांत कोणत्या वर्षांचे अंक आहेत हे फोनवर विचारून मगच जा.

साथीदारांची घरं विसरू नका. तबल्याला कोण होतं, पेटीला कोण होतं, व्हायोलिनला कोण? गायिकेच्या घरी नसलेला फोटो तबलजींच्या मुलाकडे फ्रेम करून लावलेला असतो, हे मी अनेकदा पाहिलंय. आणि साथीदार एका वेळी अनेक गायकांबरोबर वरळीला जात, त्यांच्या डायऱ्या आत्यांच्या डायरीपेक्षा भरलेल्या असू शकतात.

आता आत्यांशी बोलण्याबद्दल. हे काम बाकी कशाचीही वाट न बघता याच आठवड्यात सुरू करा. ऐंशी पार केलेल्या माणसाला ‘कोणत्या साली गायलात?’ असं विचारू नये. साल आठवत नाही, मग माणूस ओशाळतो आणि गप्प बसतो. त्याऐवजी असं विचारा: तेव्हा साडी कोणती नेसला होतात? कृष्णधवलच्या काळात पांढरी शुभ्र साडी किंवा बारीक चौकडा नेसून येऊ नका असं कलाकारांना सांगितलं जायचं, कारण पांढरा रंग कॅमेऱ्यात भगभगायचा आणि बारीक चौकडा पडद्यावर थरथरायचा. ‘मला दुसरी साडी नेसायला लावली होती’ असं आत्या म्हणाल्या तर कार्यक्रम कोणत्या काळातला याचा अंदाज येतो. बरोबर कोण आलं होतं? तेव्हा मुलगा शाळेत होता का? परतीची गाडी चुकली होती का? अशा खुणांवरून दोन-तीन वर्षांच्या अंतरात नेमकी जागा सापडते, मग करारपत्र किंवा पासबुक ती पक्की करतं.

हे बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण साधा कॉलर माइक लावा. पंखा बंद, फ्रिज असलेल्या खोलीत नको, आणि दुपारी रस्त्यावरची वर्दळ जरा कमी असते तेव्हा. एका बैठकीला पाऊण तासाच्या वर नको. पहिल्या बैठकीत त्यांना जे सांगायचंय तेच सांगू द्या. कोणत्याही फिल्ममध्ये हाच भाग सर्वांत मोलाचा ठरतो आणि तो मिळवायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त आत्यांची लागते.

दूरदर्शनकडे मागायचं कसं? आधी फुकटचं शोधा. दूरदर्शन सह्याद्री आणि प्रसार भारतीचा संग्रह या दोन्हींच्या यूट्यूब वाहिन्यांवर जुनं बरंच काही येत असतं. तिथे आत्यांचं नाव टाकून थांबू नका. संगीतकाराचं नाव, कवीचं नाव, निवेदकाचं नाव, गाण्याचा मुखडा, आणि नावाची चुकीची स्पेलिंगंसुद्धा घालून बघा. समूहगानात दुसऱ्या रांगेत उभी असलेली आत्या वर्णनात कोणी लिहिलेली नसते.

तिथे नाही मिळालं तर मुंबई केंद्राला पत्र लिहा. पत्रात ‘आमच्या आत्यांचे सर्व कार्यक्रम द्यावेत’ असं लिहिलंत की ते पत्र तिथेच बसतं. नीट तारखा लागलेले तीन किंवा चार कार्यक्रम निवडा, प्रत्येकाचं नाव, दिवस, निर्माता, सहकलाकार द्या, करारपत्राची झेरॉक्स जोडा, आणि कशासाठी हवं ते स्पष्ट लिहा: घरगुती सत्कार समारंभ, तिकीट नाही. शुल्क लागेल ते भरायची तयारी आहे असंही लिहा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढचे, बीटाकॅमवरचे (म्हणजे वाहिन्या वापरायच्या त्या व्यावसायिक व्हिडिओ कॅसेटवरचे) कार्यक्रम मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून निवडताना तिकडे झुका. कोणी तुम्हाला माहितीच्या अधिकारात अर्ज टाका म्हणून सुचवेल. दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर यायला हवं, हे खरं. पण त्यातून ‘अशी टेप आमच्याकडे आहे किंवा नाही’ एवढीच माहिती मिळते, ती दाखवायचा हक्क मिळत नाही. शिवाय ज्या माणसाने कपाट उघडून टेप शोधायची त्याच्याशी संबंधाची सुरुवात अर्जाने कशाला करायची? आधी पत्र, मग फोन, मग जमलं तर प्रत्यक्ष भेट. अगदीच दाद लागली नाही तर अर्ज आहेच.

पुण्यात बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो. लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे हे सगळं असेल असं वाटतं. तो संग्रह चित्रपटांचा आहे, दूरदर्शनच्या रोजच्या कार्यक्रमांचा नाही. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये टीव्ही विभाग सत्तरच्या दशकापासून आहे. आत्या कधी तिथल्या स्टुडिओत गाऊन आल्या असतील तर विचारायला हरकत नाही, पण स्वतःहून वेळ घालवू नका. नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी आत्या खासगी वाहिनीवर गेल्या असतील तर नावं बदलली आहेत हे ध्यानात घ्या. १९९९मधलं अल्फा मराठी म्हणजे आताचं झी मराठी, आणि २०००मध्ये आलेलं ई टीव्ही मराठी २०१५पासून कलर्स मराठी झालं. आपल्या भागातला जुना केबलवाला आणि गणेशोत्सवात मंडळाचं शूटिंग करणारा व्हिडिओवाला हे दोघे मात्र नक्की गाठा. त्यांच्याकडच्या खोक्यांत काय निघेल सांगता येत नाही.

आता माळ्यावरच्या कॅसेट्स. खाली उतरवा, पण उन्हात वाळवण घातल्यासारख्या गच्चीवर पसरू नका. घरातल्या कोरड्या, सावलीच्या जागी उभ्या ठेवा, एकीवर एक आडव्या नकोत. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका. प्रत्येक कॅसेटच्या कण्याकडच्या बाजूला एक छोटी चौकोनी टिकली असते, ती पेचकसाने तोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. मग प्रत्येकीचा सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, खोडलेली अक्षरंसुद्धा वाचता येतील असा.

खिडकीतून आत बघा. टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडचे पावसाळे बघता सतरापैकी काहींवर ती असणारच. बुरशी लागलेली कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की ती बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर जाते, हेडवरून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते, आणि चिकटलेली टेप फाटली तर त्या जागचं गाणं गेलं ते गेलंच. त्यातून घरातल्या जुन्या व्हीसीआरचा रबरी रोलर कडक झालेला असतो, पट्टे सैल झालेले असतात, तो टेप खातो. म्हणून सुरुवातीलाच नको म्हटलं. बुरशीच्या कॅसेट्स वेगळ्या काढा, त्यांचं काम वेगळं आणि सावकाशीचं असतं.

लेबलवर ‘क्रिकेट’ किंवा ‘लग्न’ लिहिलेली कॅसेट बाजूला टाकू नका. त्या काळी कॅसेट महाग, त्यामुळे एकावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं रेकॉर्ड व्हायचं. तीन तासांच्या कॅसेटवर पावणेतीन तासांची मॅच घेतली तर शेवटच्या पंधरा मिनिटांत आधीचं जे होतं ते शाबूत राहतं. माझ्याकडे एका घरातून अशीच मॅचची कॅसेट आली होती. बक्षीस समारंभ संपला, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि मग एकदम मधल्या अंतऱ्यापासून एक नाट्यगीत सुरू झालं, खाली निवेदिकेच्या नावाची पट्टी, डाव्या कोपऱ्यात पेटीवाल्याचा फक्त हात. त्या हातातल्या अंगठीवरून घरच्यांनी पेटीवाल्याला ओळखलं, आणि त्यावरून वर्ष लागलं. म्हणून कोणालाही काम द्याल तेव्हा एक अट घाला: प्रत्येक कॅसेट पहिल्यापासून अगदी शेवटच्या इंचापर्यंत उतरवायची, मध्ये रिकामं दिसलं तरी थांबायचं नाही.

डीव्हीडीला नाही का म्हणतो? डीव्हीडी करताना चित्र दाबून लहान केलं जातं, आणि तुम्हाला ते पुढे एडिट करायचंय. दाबलेलं पुन्हा दाबलं की चेहऱ्यावर ठोकळे दिसू लागतात. घरी लिहिलेल्या डीव्हीडीचा भरवसा नाही आणि आता लॅपटॉपला ती घालायला जागाही नसते. दुकानदाराला विचारा: फाइल देणार का? ७२० बाय ५७६, सेकंदाला पंचवीस फ्रेम, मूळ होतं तसंच इंटरलेस्ड (म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत), आणि शक्यतो काहीही न दाबता? मध्ये टीबीसी लावता का, म्हणजे चित्राचा थरकाप सावरणारं यंत्र? या प्रश्नांवर तो बुचकळ्यात पडला तर नमस्कार करून निघा. तो फाइल देतो पण डीव्ही प्रकारात (डीव्हीडी नव्हे, हा थोडाच दाबलेला, एडिटिंगला चालणारा प्रकार) म्हणाला तर तेही चालेल, तासाला साधारण तेरा जीबी होतात. काहीच न गमावणाऱ्या प्रकारात त्याच्या दुप्पट किंवा थोडी जास्त जागा लागते. हार्ड डिस्क स्वस्त झाल्यात, इथे कंजुषी नको. फाइल्सच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

तीन गोष्टी कोणालाही करू देऊ नका. पहिली, चौकोनी चित्र ताणून आजच्या टीव्हीएवढं रुंद करणं. आत्या रुंद होतात आणि तंबोरा बुटका. दोन्ही बाजूंना काळं राहू द्या. दुसरी, सॉफ्टवेअरने चेहरे ‘सुधारणं’. गुळगुळीत बाहुल्या दिसतात, आणि तान घेताना ओठांची हालचालच खोटी वाटते. तिसरी सर्वांत महत्त्वाची: आवाजातली खरखर काढण्यासाठी नॉइज रिडक्शन सरसकट मारणं. सॉफ्टवेअरला सलग, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे कचरा वाटतो. तंबोरा नेमका तसाच वाजतो. खरखरीबरोबर तंबोराही पुसला जातो आणि गाणं पोरकं होतं. खरखर असू द्या, जेमतेम कमी करा. श्रोते दुसऱ्या मिनिटाला ती विसरतात.

ऑडिओ कॅसेट्सही निघाल्या असतील तर पट्टी तपासून घ्या. आत्या काळी चारमध्ये गात असतील आणि कॅसेटवर पांढरी सहा, म्हणजे पेटीवरची लगतची वरची पट्टी येत असेल तर टेपरेकॉर्डर जोरात पळतोय, आत्यांनी स्वर चढवलेला नाही. ही खात्री संगणकापेक्षा आत्यांच्या पेटीवर लवकर होते.

फिल्म तासाभराची नको. समारंभात औक्षण असतं, भाषणं असतात, जेवण असतं, आणि आत्यांच्या वयाचे श्रोते असतात. वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. त्यात किमान एक गाणं पहिल्या आलापापासून शेवटची सम येईपर्यंत अख्खं दाखवा, मध्ये निवेदन न घालता. दहा गाण्यांचे वीस-वीस सेकंदांचे तुकडे लावले की कारकीर्द मोठी दिसते, पण गायिका ऐकू येत नाही. माझ्या मते इथेच बहुतेक घरगुती फिल्म्स फसतात. जिथे चित्र नाही तिथे करारपत्राचा फोटो आणि आत्यांचा आवाज ठेवा, तेवढं पुरतं. ‘दूरदर्शनवर गाणाऱ्या पुण्यातल्या पहिल्या गायिका’ असलं वाक्य मात्र पुरावा असल्याशिवाय घालू नका, सभागृहात आत्यांची समकालीन कोणीतरी बसलेली असते. ‘शेकडो कार्यक्रम’ म्हणण्यापेक्षा तारखांसकट चोवीस कार्यक्रमांची यादी पडद्यावर गेली तर ती अधिक भारदस्त दिसते.

परवानगीचं सांगतो, पण मी वकील नाही, आणि बरंच काही तुम्ही नक्की काय करता यावर अवलंबून आहे. एका गाण्यात हक्कांचे थर असतात. कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीनंतर साठ वर्षं. ध्वनिचित्रमुद्रणाचा साठ वर्षं. प्रक्षेपणाचा वेगळा, पंचवीस वर्षं. गाणाऱ्या कलाकाराचाही असतो, पन्नास वर्षं. कॅसेट तुमच्या घरी आहे म्हणून यातला कुठलाही थर तुमचा होत नाही. तरी निमंत्रितांच्या घरगुती समारंभात, तिकीट न लावता दाखवणं आणि यूट्यूबवर टाकणं यात फार फरक आहे. पहिल्याबद्दल मला फारशी काळजी वाटत नाही, तरी दूरदर्शनला पत्र लिहीतच आहात तर त्याच पत्रात उल्लेख करा. दुसऱ्यासाठी लेखी परवानगीशिवाय जाऊ नका. नाहीतर फिल्म चढवल्याच्या दिवशीच गाण्यांवर दावा लागतो, आणि आत्यांना मैत्रिणींचे फोन यायच्या आत आवाज बंद झालेला असतो. यूट्यूबवर काही टाकायचंच असेल तर आत्यांची मुलाखत टाका, ती सर्वस्वी तुमची आहे.

म्हणजे क्रम असा धरा: या आठवड्यात आत्यांची पहिली बैठक आणि कॅसेट्सचे फोटो. मग कागद शोधून यादी. यादी झाली की दूरदर्शनला पत्र, कारण उत्तराला वेळ लागतो. ते येईपर्यंत कॅसेट्स उतरवणं. उतरवलेलं लॅपटॉपवर लावून आत्यांची दुसरी बैठक. त्या बघताना जे बोलतील ते पहिल्या बैठकीत कधीच येत नाही, म्हणून माइक लावलेलाच ठेवा. एडिटिंग अगदी शेवटी.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण विचारतो. आत्या कधी अमेरिकेत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या का? तिथून आलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी या तिकडच्या टीव्ही-पद्धतीची असते, आपल्याकडची पद्धत ‘पाल’. आपल्या साध्या मशीनवर लावली की चित्र लोळतं किंवा रंग जातात, आणि घरचे समजतात की कॅसेट खराब आहे. तिला दोन्ही पद्धती चालणारं मशीन लागतं. सतरांपैकी कुठल्या कॅसेटवर ‘ई-१८०’ऐवजी ‘टी-१२०’ छापलंय का ते बघा. असेल तर ती तिकडचीच असण्याची शक्यता जास्त. तिच्या लेबलवर ‘एसपी’वर खूण आहे की ‘ईपी’वर (हे रेकॉर्डिंगचे वेग), त्याचाही फोटो टाका. त्यावरून ती कशावर लावायची ते सांगतो.